धुरामागे एक कोंबडी

स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी केल्सो येथे एक मोठा मठ होता. इंग्लंडची सरहद्द तिथून जवळच. इ.स. १३०० च्या सुमारास या मठाच्या लेखनिकांनी आपल्या गावांतून काय काय येणे आहे याची वही तयार केली. बाउडन गावाची नोंद तीत आहे. गावात २८ वाटे. एकेक वाटा दोन बैलांचा, म्हणजे साधारण २६ एकरांचा. त्याला तिथे हजबंडलँड म्हणत. प्रत्येक वाट्याचा रोख खंड वर्षाला ६ शिलिंग ८ पेन्स. रोखीच्या मागोमाग कामांची रांग लागते. सुगीत चार दिवस नवरा-बायकोने घरच्या सगळ्या माणसांसह मठाच्या शेतात कापणीला जायचे; पाचव्या दिवशी दोन माणसे पाठवायची. न्यूटनच्या मठशेतीत दीड एकर नांगरून द्यायचे, एक दिवस ढेकळे फोडायला घोडा द्यायचा. मेंढ्या धुवायला एक माणूस आणि लोकर कातरायला दुसरा, त्या दिवशी भाकरी आपल्या घरची. वर्षातून एकदा घोडा घेऊन बेरिकच्या बंदरावरून माल आणायचा, त्या फेरीला मात्र जेवण मठाचे. उन्हाळ्यात जळणासाठी पीटची एक गाडी मठात पोचवायची. एकच, जास्त नाही.

ही शेवटची अट वाचणाऱ्याने सोडून देऊ नये. वही मठाची, लिहिणारा मठाचा, वसुलीही मठाचीच. तरी एका गाडीनंतर कुळाची जबाबदारी संपते हे त्याच शाईत लिहिलेले आहे. जेवण कोणत्या दिवशी कोणाचे, हेही. मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या स्कॉटलंडमधल्या खंडाच्या नोंदी आजवर बहुधा जमीनमालकाच्या उत्पन्नाचा हिशेब म्हणून वाचल्या गेल्या. त्या कुळाच्या बाजूनेही वाचता येतात. खंड भरणे ही कुळाच्या डोक्यावरची जबाबदारी होती, आणि त्या जमिनीवर आपले काही आहे असे म्हणण्याची त्याच्या हातातली सर्वांत भक्कम खूणही तीच होती. पुढील पानांत येणारी माणसे, वाद, कायदे आणि शब्द समजून घ्यायचे तर ही दुसरी बाजू आधी लक्षात ठेवायला हवी.

केल्सोच्या त्याच वहीत रेडन गावाचे एक कलम आहे. इथल्या प्रत्येक कुळाला जमिनीबरोबर मठाकडून दोन बैल, एक घोडा आणि बियाण्यासाठी ओट, बार्ली व गहू असे धान्य मिळत असे. नंतरच्या स्कॉट्समध्ये या व्यवस्थेचे नाव स्टीलबो. मुदत संपली की तितकेच आणि त्याच प्रतीचे धान्य व जनावरे परत करायची. पुढे रिचर्ड नावाच्या मठाधिपतीने कामांच्या बदली पैसे घ्यायचे ठरवले. तेव्हा कुळांनी बैल-बियाणे परत केले आणि वाट्यामागे वर्षाला १८ शिलिंग द्यायला सुरुवात केली. वेठ गेली, तिच्याबरोबर बैल-बियाण्याचा आधारही गेला. यात कुळाचा फायदा झाला की तोटा, हे एका ओळीत सांगता येत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे बैल होते त्याला मोकळे वाटले असेल; ज्याच्याकडे नव्हते त्याच्यासाठी तो काळ कठीण गेला असणार.

पंधराव्या शतकात अशा वह्यांमध्ये लॅटिनच्या जोडीला स्कॉट्स भाषा येऊ लागते आणि मग शेतावरचे, बाजारातले, कोर्टातले शब्द आपल्याला सरळ ऐकू येतात. रोख खंडाला मेल म्हणत. खंडाने घेतलेली जमीन ती मेलिंग, ती कसणारा तो मेलर. पट्टा म्हणजे टॅक. पट्टा घेताना किंवा त्याची मुदत वाढवताना एकरकमी नजराणा द्यावा लागे, तो ग्रासम. कोंबड्या, अंडी, लोणी, चीज, मेंढ्या अशा वस्तूंच्या रूपाने जाणारे देणे म्हणजे केन. काही जहागिऱ्यांत ज्या घरातून धूर निघतो त्या प्रत्येक घरामागे एक कोंबडी ठरलेली असे. तिला धुराची कोंबडी असेच म्हणत. चूल पेटली म्हणजे संसार आहे आणि संसार आहे म्हणजे देणे आहे, असा सरळ हिशेब.

कुळाच्या वर्षाला दोन खुंट होते. एक उन्हाळ्याच्या तोंडावरचा व्हिटसंडे आणि दुसरा ११ नोव्हेंबरचा मार्टिनमस. रोख खंडाचे हप्ते या दोन मुदतींना, आणि घर सोडायचे किंवा नव्या शेतावर जायचे तेही बहुधा व्हिटसंडेला. धान्याचा खंड मळणीनंतर, नाताळ आणि फेब्रुवारीच्या आरंभीचा कँडलमस यांच्या दरम्यान पोचवायचा. धान्य मोजायची मापे म्हणजे पेक, फरलॉट, बोल आणि चॉल्डर. चार फरलॉटांचा एक बोल, सोळा बोलांचा एक चॉल्डर. फरलॉटचे अधिकृत माप लिनलिथगो शहराकडे असे. मालकाचे माप आणि बाजाराचे माप एकच आहे का, या प्रश्नाला कुळाच्या घरात फार मोल होते. माप शिगोशीग भरायचे की वरून सपाट करायचे, एवढ्याने हिवाळ्यातली काही दिवसांची लापशी जात किंवा राहत असे.

घरी राहिलेले धान्य दळायलाही मोकळीक नव्हती. कुळाने ठरावीक गिरणीतच दळण न्यावे असे बंधन असे. ते थर्लेज. दळणातला ठरलेला हिस्सा गिरणीचा, त्यावर गिरणीवाल्याचा आणि त्याच्या गड्याचा वेगळा. गिरणीचा बांध दुरुस्त करणे, छपराला गवत देणे, खाणीतून नवे जाते ओढून आणणे हीसुद्धा त्या बंधनात असलेल्या कुळांचीच कामे. जात्याच्या भोकात लांब वासा घालून ते उभे गडगडत आणायचे. चढ-उतारावर हे काम जीवघेणे होते. थर्लेजपासून पैसे भरून मोकळे होण्याची सोय करणारा कायदा झाला तो १७९९ मध्ये.

या साऱ्या देण्यांच्या बदल्यात कुळाला काय मिळे? जमीन मिळे, पण किती दिवसांसाठी, हा खरा प्रश्न होता. १४४९ साली, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, स्कॉटिश संसदेने एक लहानसा कायदा केला. जमीन कसणाऱ्या गरीब लोकांच्या संरक्षणासाठी तो केला आहे, असे कायद्यातच नमूद आहे. ज्यांनी ठरावीक वर्षांचा पट्टा घेतला आहे, त्यांची जमीन मालकाने विकली किंवा गहाण टाकली तरी मुदत संपेपर्यंत त्यांना काढता येणार नाही, आणि नव्या मालकालाही त्यांनी तोच जुना खंड द्यायचा. तोपर्यंत पट्टा हा दोन माणसांमधला करार होता आणि मालक बदलला की कुळ उघडे पडे. या कायद्यानंतर कुळाचा हक्क माणसावरून जमिनीवर आला. स्कॉटलंडच्या पट्टाकायद्याचा पाया आजही तोच मानला जातो. वीस वर्षांनी, १४६९ साली, संसदेने आणखी एक अन्याय थांबवला. मालकाने कर्ज बुडवले की धनको त्याच्या कुळांची गुरे ओढून नेत. त्या मुदतीच्या खंडाइतकीच वसुली कुळाकडून करावी, त्यापुढे नाही, असे ठरले.

कायदा चांगला होता. परंतु तो पट्टा असलेल्यासाठी होता, आणि पट्टे आखूड होते. कूपर अँगस येथील सिस्टर्शियन मठाच्या वहीत पंधराव्या शतकातले शेकडो पट्टे नोंदलेले आहेत. पाच वर्षांची मुदत त्यांत वारंवार दिसते. हे मठवाले आपल्या जमिनीची काळजी घेणारे मालक होते. पट्ट्यात त्यांनी घातलेल्या अटी वाचताना त्या काळचे शेत डोळ्यांपुढे येते. झाडे लावावीत. लांडगे आणि कोल्हे यांच्या शिकारीसाठी कुत्री बाळगावीत. शेजाऱ्यांशी नीट वागावे. धान्यात उगवणारे गुल्ड नावाचे पिवळ्या फुलाचे तण शेतात ठेवू नये. या तणाची धास्ती इतकी होती की जुन्या कायदेसंग्रहांत ते शेतात वाढू देणाऱ्याची तुलना राजाच्या मुलखात शत्रूचे सैन्य आणणाऱ्याशी केलेली आढळते.

आखूड पट्ट्यांचा परिणाम जॉन मेअर या विद्वानाने नेमका टिपला आहे. नॉर्थ बेरिकजवळच्या ग्लेगहॉर्नी गावात जन्मलेला हा शेतकऱ्यांतला मुलगा पुढे पॅरिसमध्ये नावाजलेला अध्यापक झाला. १५२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात तो लिहितो, की स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याकडे जमीन चार-पाच वर्षांच्या कराराने, मालकाच्या मर्जीवर असते. म्हणून दगड मुबलक असूनही तो चांगले घर बांधत नाही, झाडे-कुंपणे लावत नाही, जमिनीला खत घालत नाही. मेअर यात शेतकऱ्याला आळशी ठरवत नाही, याचे मोल मोठे आहे. परदेशी प्रवाशांनी पुढे दोनशे वर्षे स्कॉटलंडची मातीची घरे पाहून तिथल्या माणसांना नावे ठेवली. मेअरने कारण पट्ट्यात शोधले.

कवींनी तर याहून स्पष्ट सांगितले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात डनफर्मलिन येथे शिक्षक असलेल्या रॉबर्ट हेन्रिसनने इसापाच्या गोष्टी स्कॉट्समध्ये नव्याने सांगितल्या. लांडगा आणि कोकरू यांच्या गोष्टीच्या शेवटी तो तीन तऱ्हांचे लांडगे दाखवतो. तिसरा लांडगा म्हणजे जमीनमालक. हा मालक कुळाला जमीन देतो, नजराणा घेतो आणि अर्धी मुदतही सरली नाही तोच त्याला इतका छळतो, की त्याने एक तर निघून जावे नाही तर पुन्हा नजराणा भरावा. कुळाचा घोडा, घोडी मालकाच्या गाडीला जुंपायची. कुळाने किंवा त्याच्या गड्याने पोटाला आणि हाताला काही न मिळता राबायचे. पट्टे आणि वह्या यांत जे आकडे कोरडे दिसतात, त्यांचा भार माणसाच्या पाठीवर कसा पडे हे या कवितेत कळते. इतिहासाच्या पुस्तकांनी या साक्षीला तळटीपेत ठेवू नये असे वाटते.

डेव्हिड लिंडसेच्या नाटकातला दरिद्री माणूस हीच कहाणी आणखी पुढे नेतो. तीन वर्गांवरचे हे नाटक १५५२ साली कूपर गावी आणि १५५४ साली एडिंबरा येथे उघड्या मैदानात झाले. या माणसाकडे एक घोडी आणि तीन गाई होत्या. बाप वारला तेव्हा मालकाने घोडी नेली. कुळ मेले की त्याचे उत्तम जनावर मालकाचे, या हेरिएल्ड नावाच्या वहिवाटीने. मग धर्मगुरूने बापाच्या मृत्यूबद्दल एक गाय नेली, आईच्या मृत्यूबद्दल दुसरी, बायकोच्या मृत्यूबद्दल तिसरी. तीन मयते आणि संसार रिकामा. ही देणी कायदेशीर होती, त्यांना नावे होती, पिढ्यान्‌पिढ्या ती चालत आलेली होती. लिंडसे स्वतः राजदरबारातला मानकरी होता आणि त्याने हे दरबारासमोर सांगितले.

आता त्या शब्दाकडे यायला हवे ज्याभोवती सोळाव्या शतकातले निम्मे भांडण फिरते. काइंडनेस. इथे त्याचा दयेशी संबंध नाही. घराण्यातल्या माणसाचा, नात्यातल्या वारसाचा हक्क असा त्याचा अर्थ. ज्या जमिनीवर आजा राबला, बाप राबला, तीवर मुलाचा पहिला दावा. मुदतीचा कागद असो वा नसो. अशा कुळांना काइंडली टेनंट म्हणत. ग्लासगोच्या धर्मपीठाची १५०९ ते १५७० या काळातली वही याचा उत्तम नमुना आहे. जमीन बापाकडून मुलाकडे, सासऱ्याकडून जावयाकडे, भावाकडून भावाकडे जाताना तीत दिसते. नवरा वारला तर पुनर्विवाह करीपर्यंत विधवेने ती जमीन कसावी अशी तिथली रीत होती, आणि अशा बाईला ग्लासगोच्या संताच्या नावाने सेंट मंगोची विधवा म्हणत. हा हक्क वाटून देता येई, मृत्युपत्रात लिहिता येई, विकताही येई. मालकाच्या वहीत नाव चढणे हाच पुरावा. खंड वेळच्या वेळी भरत राहिल्याने हा हक्क वर्षागणिक मुरत जाई.

मराठी वाचकाला इथे मिरासदार आठवेल, आणि त्या आठवणीला एक खरा धागा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटिश उमराव घराण्यातला. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर त्याने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात मिरासदार आणि उपरी हा भेद त्याने विस्ताराने मांडला आहे. सारा भरतो तोवर ज्याला काढता येत नाही तो मिरासदार. वहिवाटीचा हक्क नसलेला, कराराने कसणारा तो उपरी. मिरासदार सारा सरकारला देई आणि काइंडली टेनंट खंड मालकाला, हा फरक मोठा आहे. तरीही देणे भरत राहणे हाच हक्काचा आधार, ही समजूत दोन्हीकडे सापडते.

स्कॉटलंडमध्ये या समजुतीला धक्का बसला तो कायद्याच्या बारकाव्यातून. वहिवाट ही गावाला मान्य होती, मालकही बहुधा मानत. पण मोठ्या न्यायालयात कागद विचारला जाऊ लागला. १५५५ च्या कायद्याने कुळाला काढण्याची पद्धत ठरवून दिली. व्हिटसंडेच्या ४० दिवस आधी नोटीस, मग बेदखल. रातोरात हाकलण्याला यामुळे आळा बसला, हे मान्य करायला हवे. पण नोटीस दिली की काढता येते, हा मालकाचा अधिकारही त्याच कायद्याने पक्का झाला. ज्याच्याकडे पट्टा नव्हता, फक्त आजा-पणजाची नांगरट होती, त्याचे ४० दिवस लवकर संपत.

त्याच सुमारास चर्चच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर फ्यू पद्धतीने दिल्या जात होत्या. फ्यू म्हणजे एकदा मोठी रक्कम भरून आणि पुढे कायमचे ठरलेले वार्षिक देणे देऊन वंशपरंपरा जमीन मिळवणे. ज्या कुळाने ती रक्कम उभी केली ते जवळपास जमीनमालक झाले; वर्षाचे देणे पैशात गोठलेले आणि महागाई वाढत चाललेली, म्हणजे पुढच्या पिढीला ते देणे हलके होत गेले. ज्याला रक्कम उभी करता आली नाही त्याच्या डोक्यावर परका मालक आला. मार्गारेट सँडर्सन यांनी सोळाव्या शतकातल्या या सनदा बारकाईने तपासून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्यूमुळे सगळी कुळे देशोधडीला लागली हे जुने चित्र त्यांनी दुरुस्त केले; अनेक सनदा प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्याच हाती गेल्या होत्या. तरी मागे राहिलेल्यांची संख्याही थोडी नव्हती, आणि समकालीन कवींचा आक्रोश त्यांच्यासाठी होता.

खंडाच्या या जगाची एक काळी सावलीही होती. सरहद्दीवरच्या लुटारू घराण्यांना गुरे सुरक्षित राहावीत म्हणून शेतकरी जे देत त्याला ब्लॅकमेल म्हणत. हा शब्द आज जगभर वेगळ्या अर्थाने फिरतो. सोळाव्या शतकात तो शेतावरचाच होता. मालकाला एक मेल आणि लुटारूला दुसरा. स्कॉटिश संसदेने १५६७ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. इंग्लंडने १६०१ मध्ये उत्तरेकडच्या चार परगण्यांसाठी जो कायदा केला त्यात तर घेणाऱ्याबरोबर देणाराही गुन्हेगार ठरला. राजाचे संरक्षण पोचत नाही अशा खोऱ्यात राहणाऱ्याने काय करायचे होते, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

वहिवाटीचा हक्क सर्वत्र मेला असे नाही. डमफ्रीसशायरमधल्या लॉखमेबन किल्ल्याभोवती हायटे, स्मॉलहोम, ग्रीनहिल आणि हेक अशी चार गावे आहेत. रॉबर्ट ब्रूसने किल्ल्याच्या चाकरांना या जमिनी दिल्या अशी परंपरा सांगते. इथली माणसे राजाचे काइंडली टेनंट म्हणून ओळखली जात. सनद नाही, दस्त नाही. वहीत नाव आणि ठरलेला थोडा खंड एवढ्यावर जमीन घराण्यात राहायची, विकली जायची. कायदेपंडित शतकानुशतके या अपवादापाशी थबकत आले. २००० सालच्या सरंजामी धारणा रद्द करणाऱ्या स्कॉटिश कायद्यात या चार गावांसाठी स्वतंत्र कलम घालावे लागले, आणि २८ नोव्हेंबर २००४ पासून ती जुनी धारणा साध्या मालकीत विलीन झाली. १९९० च्या कायद्याने मार्टिनमसची मुदत याच तारखेवर आणलेली होती.

अठराव्या शतकात चित्र झपाट्याने बदलते. वेठ आणि केन यांचे पैशांत रूपांतर होते, अनेक कुळांची सामाईक शेती मोडून एकेका हाती मोठी शेते जातात, पट्टे लांबतात आणि खंड चढतो. रॉबर्ट बर्न्सच्या वडिलांनी एअरशायरमध्ये लॉखलीचे १३० एकरांचे शेत एकरी २० शिलिंग खंडाने घेतले. त्या ओल्या, नापीक जमिनीला हा दर भलताच होता. मालकाशी झालेला वाद एडिंबराच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १७८४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्याच महिन्यात ते वारले. मुलाच्या कवितेत खंड वसूल करणारा कारभारी इतका जिवंत उतरला, तो याआधीच्या शेतावरच्या अशाच अनुभवातून.

एक मोठी उणीव मात्र इथेच सांगायला हवी. या वह्यांत नाव असते ते मालकाशी थेट व्यवहार करणाऱ्याचे. त्याच्या हाताखाली झोपडी आणि चिमूटभर जमीन घेऊन राहणारे कॉटर, गवताच्या हक्कावर एखादी गाय पाळणारे, सालदार गडी-मोलकरणी हे सगळे वहीच्या बाहेर राहतात. तेही खंड देत, बहुधा श्रमाने, आणि मालकाला नव्हे तर मोठ्या कुळाला. केल्सोच्या नोंदीतल्या चार दिवसांच्या कापणीला ‘घरची सगळी माणसे’ म्हणून विळा घेऊन उभी राहणारी माणसे बरीचशी हीच असणार. ती शोधायची तर दुसऱ्या दप्तराकडे वळावे लागते. १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये डोईपट्टी बसली, माणशी किमान ६ शिलिंग स्कॉट्स. अ‍ॅबर्डीनशायरची १६९६ ची यादी जवळजवळ पूर्ण टिकली आणि १८४४ साली छापली गेली. तीत एकेका शेतावर आधी कुळाचे नाव, मग बायको-मुले, मग गडी आणि त्याचा पगार, आणि खाली कॉटर, विणकर, चांभार अशी ओळीने माणसे येतात. कुळाच्या वरचे आणि कुळाच्या खालचे असे दोन्ही व्यवहार एकत्र मांडायचे काम ज्यांना करायचे आहे त्यांनी सुरुवात या यादीपासून करावी.